आरिना सबालेंकाची सर्व्हिस : दोष मनाचा की हालचालीचा?

जानेवारी २०२२. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये जागतिक क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकावर असलेली बेलारूसची आरिना सबालेंका स्लोव्हेनियाच्या काया युवानकडून हरली. त्या सामन्यात तिने १८ डबल फॉल्ट केले, म्हणजे १८ वेळा तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही सर्व्हिस चुकल्या आणि गुण गेला. पुढच्या आठवड्यात त्याच शहरात स्वीडनच्या रेबेका पीटरसनविरुद्ध २१ डबल फॉल्ट झाले. त्या सामन्यात तिला कोर्टवरच रडू आलं आणि काही वेळा तिने खालून, अंडरआर्म सर्व्हिस केली. जगातल्या सर्वांत जोरकस फटके मारणाऱ्या खेळाडूंपैकी एकीवर ही वेळ आली होती.

लगेच मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन सुरू झाली. पहिल्या फेरीत १२, दुसऱ्या फेरीत १९, तिसऱ्या फेरीत १० आणि चौथ्या फेरीत काइया कानेपीविरुद्ध १५. चार सामन्यांत ५६ डबल फॉल्ट. एक गेम जिंकायला किमान चार गुण लागतात, त्या हिशेबाने १४ गेम होतील एवढे गुण तिने प्रतिस्पर्ध्यांना आयते दिले. तरीही यातले पहिले तिन्ही सामने तिने पहिला सेट गमावल्यावर फिरवले आणि कानेपीलाही निर्णायक टायब्रेकपर्यंत नेलं.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे, कारण पुढचे कित्येक महिने तिच्याविषयी एकच निदान केलं जात होतं : हिचं डोकं बिघडलंय. दबाव सहन होत नाही. यिप्स आहेत. यिप्स म्हणजे वर्षानुवर्षं सहज जमणारी हालचाल ऐन वेळी हातातून निसटणं. गोल्फमध्ये हा शब्द जुना आहे. पण चार सामन्यांत ५६ गुण दान करून तीन सामने जिंकणाऱ्या मुलीचं मन कमकुवत असेल, हे मला पटत नाही. एवढं ओझं घेऊन ती सामन्यात टिकून राहिली, यावरून उलट मनाची ताकदच दिसते.

तिचा खेळ आपल्याकडच्या काही प्रेक्षकांनी फार आधी पाहिला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर झालेली मुंबई ओपन १९ वर्षांच्या सबालेंकाने जिंकली. अंतिम सामन्यात तिने स्लोव्हेनियाच्या दालिला याकुपोविचला दोन सेटमध्ये हरवलं. हीच मुलगी चार वर्षांत जगात दुसरी झाली ती जोरकस सर्व्हिस आणि जोरकस फोरहँडच्या बळावर. त्यामुळे २०२२ मध्ये जे ढासळलं ते तिचं मुख्य हत्यार होतं.

फटका जाण्यासाठी जागा किती असते?

प्रकरण समजून घ्यायचं तर आधी थोडं गणित करावं लागेल. ते शाळेतल्या गणिताच्या पलीकडचं नाही.

बेसलाइनपासून, म्हणजे जिथून सर्व्हिस होते त्या मागच्या रेषेपासून, नेट ११.८८५ मीटरवर असतं आणि नेटपासून पलीकडची सर्व्हिस लाइन, जिच्या आत चेंडू पडावा लागतो ती, ६.४० मीटरवर. नेटची मधली उंची ०.९१४ मीटर. गुरुत्वाकर्षण नाही असं क्षणभर धरा आणि चेंडू सरळ रेषेत जाईल अशी कल्पना करा. नेटच्या वरच्या कडेला घासून जाणारी रेषा सर्व्हिस लाइनवर टेकवायची असेल, तर ती २.६१ मीटर उंचीवरून निघायला हवी. म्हणजे त्याहून कमी उंचीवर चेंडू मारणाऱ्याला सरळ रेषेत सर्व्हिस आत टाकणं शक्यच नाही. चेंडू आत पडतो तो गुरुत्वाकर्षणामुळे, हवेच्या रोधामुळे आणि फिरकीमुळे.

सबालेंकाची उंची १.८२ मीटर आहे. हात वर, त्यापुढे रॅकेट आणि पायांनी घेतलेली उसळी धरून चेंडूशी भेट २.७५ मीटरवर होते असं मानू. हवेचा रोध आणि फिरकी बाजूला ठेवून ताशी १८० किलोमीटर वेगाच्या सर्व्हिसचं गणित मी मांडलं. चेंडू नेटही ओलांडेल आणि सर्व्हिस लाइनच्या आतही पडेल, अशी वर-खाली दिशेतली मोकळीक जेमतेम ०.९ अंश निघते. वेग ताशी १४४ किलोमीटरवर आणला तर ती सुमारे १.३ अंश होते. टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला खाली वळवणारी फिरकी, दिला की आणखी वाढते, म्हणूनच दुसरी सर्व्हिस फिरकीची असते.

आता शरीराच्या बाजूने पाहू. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये जगातल्या अव्वल खेळाडूंच्या सर्व्हिसचं त्रिमितीय चित्रीकरण करून एक अभ्यास झाला. तो करणाऱ्यांमध्ये अमेरिकेचे ग्लेन फ्लायसिग आणि पर्थच्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे ब्रूस एलियट होते. एलियट यांचं नाव आपल्या क्रिकेटप्रेमींना वेगळ्या संदर्भात आठवेल, मुथय्या मुरलीधरनच्या गोलंदाजीच्या कोपराची तपासणी त्यांच्याच प्रयोगशाळेत झाली होती. या अभ्यासात सर्व्हिस करताना महिला खेळाडूंचा दंड खांद्यात आतल्या बाजूला फिरण्याचा वेग सरासरी सेकंदाला १३७० अंश आढळला, पुरुषांचा २४२० अंश.

सेकंदाला १३७० अंश म्हणजे एका मिलिसेकंदाला जवळजवळ १.४ अंश. चेंडू रॅकेटच्या तारांवर राहतो सुमारे पाच मिलिसेकंद. रॅकेट जितके अंश वळते तितकेच अंश चेंडूची दिशा बदलते असं नाही, कारण बराचसा वळसा आडव्या दिशेत जातो. पण प्रमाण लक्षात यावं. जिथे एकूण मोकळीकच एका अंशाच्या आसपास, तिथे एका मिलिसेकंदाचा उशीर रॅकेटचं तोंड, म्हणजे तारांची बाजू, त्याहून जास्त फिरवू शकतो.

एक मिलिसेकंद कोणाच्याही इच्छाशक्तीने सांभाळला जात नाही. ‘शांत राहा’, ‘स्वतःवर विश्वास ठेव’, ‘एका वेळी एकच पॉइंट’ हे सल्ले चुकीचे नाहीत, पण त्यांचा हात इथपर्यंत पोहोचत नाही. अव्वल खेळाडूची सर्व्हिस आत पडते ती तिच्याकडून वेळेची चूक होतच नाही म्हणून नव्हे. तिच्या हालचालीची बांधणी अशी असते की छोटी चूक पचून जाते. चेंडू भेटण्याच्या आधी आणि नंतर काही सेंटिमीटरपर्यंत रॅकेटचा मार्ग लक्ष्याच्या दिशेनेच असेल, तर भेट थोडी लवकर किंवा उशिरा झाली तरी चेंडू आतच पडतो. मार्ग आडवा कापत जात असेल, तर भेट अगदी नेमक्या क्षणी व्हावी लागते. सराव भरपूर असेल, अंग मोकळं असेल, तोपर्यंत तो क्षण साधतोही. मग एके दिवशी तो साधत नाही, आणि लोक म्हणतात डोकं बिघडलं.

बायोमेकॅनिक्सने, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राने, फटका शिकवायचा म्हणजे देखणी शैली घडवायची, असा समज आपल्याकडे बराच आहे. मला त्यातला खरा अर्थ हा वाटतो : हालचाल किती चूक पचवते ते शोधणं आणि ती क्षमता वाढवणं.

भीतीने नेमकं काय होतं

मनाचा वाटा शून्य आहे असं म्हणायचं नाही. भीती वाटते तेव्हा शरीरात जे घडतं तेही हालचालच आहे, आणि ती मोजता येते.

दुसऱ्या सर्व्हिसला घाबरलेला खेळाडू हाताचा वेग कमी करतो. आत टाकायची म्हणून हळू. पण दुसरी सर्व्हिस आत पडते फिरकीमुळे, आणि फिरकी येते रॅकेटच्या वेगातून. वेग कमी झाला की फिरकी गेली. फिरकी गेली की चेंडू खाली वळत नाही, लांब जातो. पुढच्या वेळी लांब जाऊ नये म्हणून खेळाडू रॅकेटचं तोंड खाली झुकवतो आणि चेंडू नेटमध्ये जातो. एकदा लांब, एकदा नेटमध्ये : डबल फॉल्टच्या मालिकेची ही ओळखीची खूण आहे.

दुसरी गोष्ट टॉसची, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू हाताने वर फेकण्याची. चेंडू वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा क्षणभर जवळजवळ स्थिर असतो, मग खाली येताना वेग घेतो. भेटीच्या जागेच्या १५ सेंटिमीटर वरून तो खाली आला, तर त्या जागेतले ५ सेंटिमीटर पार करायला त्याला सुमारे २८ मिलिसेकंद लागतात. तोच ६० सेंटिमीटर वरून आला तर जेमतेम १४. उंच टॉस टाकणाऱ्याने वेळेतली आपली मोकळीक निम्मी केलेली असते. शिवाय टॉस पुढे-मागे पडू लागला की प्रत्येक वेळी धड, खांदा, कोपर सगळ्यांना नवी तडजोड करावी लागते. टॉस हा सर्व्हिसचा एकमेव भाग असा आहे जो पूर्णपणे स्वतःच्या ताब्यात असतो, आणि कोचिंगमध्ये सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो.

उपाय

२०२२ च्या पूर्वार्धात सबालेंकाचा त्रास संपला नाही. तिचा कोच अँटोन दुब्रोव्ह एका टप्प्यावर तिला म्हणाला की तुला देण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलं नाही, दुसरा कोणी शोध. तिने नकार दिला. दोष तुझा नाही, यातून आपण मिळूनच निघायचं, असं तिचं म्हणणं होतं. उन्हाळ्यात बेलारूस आणि रशियाच्या खेळाडूंना विम्बल्डनमध्ये प्रवेश नव्हता, त्यामुळे त्या स्पर्धेला तिला मुकावं लागलं. ऑगस्टच्या सुरुवातीला सॅन होजेला अमेरिकेच्या कॅरोलाइन डोलहाइडविरुद्ध २० डबल फॉल्ट झाले. तोही सामना ती जिंकली.

त्याच महिन्यात, अमेरिकन ओपनच्या आधी, तिने गॅविन मॅकमिलनला बोलावलं. तो कॅलिफोर्नियात काम करणारा बायोमेकॅनिक्सचा जाणकार. त्याचं काम हालचालीचं होतं : हात कुठून येतो, कधी येतो, शरीराचा कुठला भाग आधी जातो आणि कुठला मागे राहतो. जगात दुसरी राहिलेल्या खेळाडूने चालू हंगामात, ग्रँड स्लॅमच्या तोंडावर, आपली सर्व्हिस मुळापासून तपासायला देणं हे मोठं धाडस आहे. असली कामं हंगाम संपल्यावर करायची असतात, हा सर्वमान्य नियम. पण हरण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

पुढचा क्रम असा. ऑगस्टमध्ये सिनसिनाटीला उपांत्य फेरी. सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनची उपांत्य फेरी, तिथे इगा श्वियाँतेकविरुद्ध तीन सेटमध्ये हार. नोव्हेंबरमध्ये फोर्ट वर्थला वर्षअखेरच्या स्पर्धेत त्याच श्वियाँतेकला हरवून अंतिम फेरी. त्या वर्षी तिचे एकूण डबल फॉल्ट ४२८ झाले, महिलांच्या टेनिसमध्ये सर्वांत जास्त. जानेवारी २०२३ मध्ये ज्या ॲडलेडमध्ये तिला रडू आलं होतं तिथेच तिने विजेतेपद मिळवलं, आणि मग एकही सेट न गमावता ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात पोहोचली. समोर एलेना रिबाकिना. ४-६, ६-३, ६-४. सबालेंकाच्या १७ एस (समोरच्या खेळाडूच्या रॅकेटला न लागता थेट गुण देणाऱ्या सर्व्हिस), ७ डबल फॉल्ट.

त्या सातांपैकी एक पहिल्याच चॅम्पियनशिप पॉइंटवर, म्हणजे जिंकला की विजेतेपद अशा गुणावर, झाला. वर्षभरापूर्वी तिथून काय झालं असतं याचा अंदाज कोणीही बांधू शकतो. या वेळी ती सर्व्हिस करत राहिली आणि चौथ्या पॉइंटवर सामना जिंकला. मला हा पॉइंट संपूर्ण प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो. भीती नाहीशी झालेली नव्हती, पण एका चुकीने पुढची सर्व्हिस बिघडत नव्हती.

त्या स्पर्धेच्या काळात तिने जाहीरपणे सांगितलं की क्रीडा मानसशास्त्रज्ञाबरोबरचं काम तिने थांबवलं आहे आणि आपल्या अडचणी आपणच सोडवायच्या असं ठरवलं आहे. मानसशास्त्राची गरज नसते असा याचा अर्थ मी काढणार नाही. कित्येकांना त्याचा खरोखर आधार मिळतो. पण तिच्या बाबतीत आधी काय दुरुस्त व्हायला हवं होतं हे इथे स्पष्ट दिसतं. काय बिघडतं आणि ते बिघडल्यावर काय करायचं हे ठाऊक असलेल्या माणसाला वेगळा धीर द्यावा लागत नाही.

एका खेळाडूवरून सिद्धांत मांडता येत नाही, हेही खरं. त्या सहा महिन्यांत बाकीच्याही गोष्टी बदलल्या होत्या : हंगामापूर्वीची पूर्ण तयारी, कोच दुब्रोव्ह आणि फिटनेस ट्रेनर जेसन स्टेसी यांची टिकून राहिलेली साथ, आणखी एका वर्षाचा अनुभव. तरीही २० डबल फॉल्टचा ऑगस्ट आणि १७ एसचा जानेवारी यांच्या मध्ये जो मोठा बदल झाला, तो हालचालीतला होता. याआधी मनावर काम करून पाहिलं होतंच, आणि तेवढ्याने सुटका झाली नव्हती.

कोर्टवर शिकवताना यातून काय घ्यायचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला या प्रकरणात रस आहे तो मुख्यतः शिकवणाऱ्याच्या नजरेतून.

सर्व्हिसचा जोर जमिनीपासून सुरू होतो. पाय जमिनीला ढकलतात, गुडघे सरळ होतात, कंबर वळते, धड वळतं आणि पुढे झुकतं, मग खांदा, कोपर, हाताचा पुढचा भाग, मनगट. अमेरिकेचे शल्यविशारद बेन किबलर यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की सर्व्हिसमधली निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा पाय, कंबर आणि धड यांच्याकडून येते. त्यांचा दुसरा हिशेब प्रत्येक कोचने पाठ करावा असा आहे : कंबर आणि धडाकडून येणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली, तर चेंडूला तोच वेग देण्यासाठी खांद्याला आपला वेग ३४ टक्क्यांनी वाढवावा लागतो. गुडघे न वाकवता सर्व्हिस करणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचा खांदा का दुखतो, त्याचं उत्तर इथे आहे. खांद्याला बर्फ लावून ते मिळत नाही.

सिडनीच्या अभ्यासातले काही आकडे आपल्या कोर्टवरच्या नेहमीच्या सूचनांशी थेट भांडतात. ‘हात कानाला लावून सरळ वर’ ही सूचना घ्या. अव्वल खेळाडूंचा दंड चेंडूशी भेटताना धडाशी सरासरी १०१ अंशांचा कोन करून होता, म्हणजे धडाला जवळजवळ काटकोनात. मग हात इतका उंच कसा दिसतो? कारण धडच एका बाजूला कललेलं असतं. मुलाला धड न कलवता हात कानाला लावायला सांगितलं की खांद्याच्या सांध्यातले स्नायू हाडांमध्ये दाबले जातात, आणि दुखणं तिथून सुरू होतं. ‘कोपर ताठ’ हेही तसंच, भेटीच्या क्षणी कोपर सुमारे २० अंश वाकलेलं होतं. आणि ‘मनगट मार’! भेटीच्या क्षणी मनगट अजून सुमारे १५ अंश मागेच होतं. ते पुढे येत होतं सेकंदाला १९५० अंश वेगाने, पण हा वेग मागून आलेल्या साखळीतून मिळालेला असतो. मुद्दाम मनगट झटकायला शिकवलं की मूल ते लवकर झटकतं आणि चेंडू नेटमध्ये जातो.

वेगांची चढण पाहिली की साखळी म्हणजे काय ते कळतं. कंबर सेकंदाला ४४० अंश, धडाचा वरचा भाग ८७०, कोपर सरळ होण्याचा वेग १५१०, मनगट १९५०. पुढचा सांधा मागच्याकडून वेग घेतो आणि त्यात भर घालतो. अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा आहे : दंडाचं आत फिरणं. खांदा कोपराच्या आधी येतो, म्हणून त्याचा सर्वोच्च वेगही आधी येईल असं वाटतं, पण तो येतो अगदी शेवटी, भेटीच्या आसपास. रॅकेटच्या वेगातला सर्वांत मोठा वाटा याच फिरण्याचा असतो. त्यासाठी ग्रिप कॉन्टिनेन्टल हवी, म्हणजे रॅकेट हातोड्यासारखं धरायचं. फोरहँडच्या ग्रिपने सर्व्हिस करणाऱ्या मुलाच्या रॅकेटचं तोंड आधीच पुढे वळलेलं असतं, त्याने दंड आत फिरवला तर चेंडू भलतीकडे जाईल. म्हणून त्याचं शरीर ते फिरणं टाळायला शिकतं. मग कोच सांगतो, ‘जोर लाव.’ जोर कुठून येणार? जोराचा मुख्य दरवाजा ग्रिपने बंद केलेला असतो.

त्यामुळे दोष शोधताना टोकाकडून सुरुवात करू नये. चेंडू नेटमध्ये जातो म्हणून मनगट, लांब जातो म्हणून टॉस, असं करत राहिलं तर आज एक टाका घातला की उद्या दुसरीकडे उसवतं. मागे मागे जात साखळीतली पहिली बिघडलेली जागा शोधायची. बरेचदा ती ग्रिपमध्ये, टॉसमध्ये किंवा मागच्या पायात निघते. ती सुधारली की पुढचे दोन-तीन दोष न बोलताच जातात.

पाहण्याचं साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) असतात. सेकंदाला १३७० अंश फिरणारा दंड दोन चौकटींच्या मध्ये सुमारे ४६ अंश फिरून जातो, म्हणजे जे पाहायचं तेच दिसत नाही. फोनच्या स्लो मोशनमध्ये २४० चौकटी मिळाल्या तर तेच अंतर सहा अंशांवर येतं. फोन एकदा पाठीमागून आणि एकदा बाजूने, दोन्ही वेळा कमरेच्या उंचीवर, स्टँडवर ठेवावा. हातात धरलेल्या फोनवरून कोन मोजण्यात अर्थ नाही. आणि फक्त चांगल्या सर्व्हिसचं चित्रीकरण करू नये, चुकलेल्या आणि थकल्यावर केलेल्या सर्व्हिसही घ्याव्यात. दोन चांगल्या सर्व्हिसमध्ये टॉस किती सरकला आणि दोन वाईट सर्व्हिसमध्ये किती, ही तुलना एका सुंदर चौकटीपेक्षा जास्त शिकवते.

मात्र कोचला जे कळलं ते सगळं मुलाला सांगायचं नसतं. हालचाली शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक खेळांमध्ये दाखवलं आहे की लक्ष स्वतःच्या अवयवांवर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर बहुतेकांना ती चांगली जमते. ‘दंड आतल्या बाजूला फिरव’ असं ऐकलेलं मूल खांदा आवळतं. त्याच मुलाला ‘रॅकेटची कड चेंडूकडे ने आणि शेवटच्या क्षणी तोंड उघड’ किंवा ‘चेंडू नेटच्या हातभर वरून जाऊ दे’ असं सांगितलं की दंड आपोआप फिरतो. बायोमेकॅनिक्स कोचच्या वहीत राहावं. कोर्टवर मुलाला एक छोटं वाक्य मिळावं, एका वेळी एकच.

सरावाच्या जागेबद्दलही बोललं पाहिजे. पुणे, कोल्हापूर, नाशिक, मुंबई, कुठल्याही क्लबमध्ये जा, सर्व्हिसचा सराव तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो, टोपलीतले चेंडू एकामागून एक मारून. सामन्यात मात्र दुसरी सर्व्हिस एकटीच येते, आधी एक चूक झालेली असताना, श्वास चढलेला असताना. म्हणून दहा चेंडू सलग मारण्याऐवजी एक रॅली खेळवावी, मग एक मुद्दाम वाया घालवलेली पहिली सर्व्हिस, आणि मग एकच दुसरी. ती हुकली की गुण गेला. हालचाल खरोखर चूक पचवते का, ते अशाच वेळी कळतं.

मॅकमिलनचं नाव ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा चर्चेत आलं. त्या वर्षी जूनमध्ये पॅरिसला अंतिम सामन्यात सबालेंकाला हरवून फ्रेंच ओपन जिंकणारी अमेरिकेची कोको गॉफ स्वतः डबल फॉल्टच्या फेऱ्यात अडकली होती. माँट्रियलला डॅनियल कॉलिन्सविरुद्ध तिने २३ डबल फॉल्ट केले आणि सामना जिंकला, सबालेंका तीन वर्षांपूर्वी जिंकत होती अगदी तशी. अमेरिकन ओपनच्या काही दिवस आधी तिने मॅकमिलनला आपल्या ताफ्यात घेतलं. तिथे ती चौथ्या फेरीत नाओमी ओसाकाकडून हरली, ऑक्टोबरमध्ये वुहानला जिंकली. दुरुस्ती सुरू असताना निकाल असे खाली-वर होणारच. मुलाची ग्रिप बदलली की दोन महिने तो आधी हरवलेल्या मुलांकडूनही हरतो, आणि पालक अस्वस्थ होतात. त्यांना हे काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवावं.

शेवटी लहान मुलांबद्दल, कारण बहुतेक बिघाड तिथेच रुजतात. वर काढलेले २.६१ मीटर आठवा. दहा वर्षांचं मूल १.४० मीटर उंच असेल तर हात आणि रॅकेट धरून ते जेमतेम दोन मीटरवर चेंडू मारतं. पूर्ण कोर्टवर, मोठ्यांच्या पिवळ्या चेंडूने, त्याला सर्व्हिस आत टाकायची तर एकच वाट उरते : फोरहँडची ग्रिप, तोंड उघडं, चेंडू वर ढकलायचा. ते मूल आळशी नसतं. त्याला दिलेल्या कोर्टवर जे शक्य आहे तेच ते शोधून काढतं, आणि पुढची दहा वर्षं ती सवय मोडण्यात जातात. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू बंद केला आहे. लाल, नारिंगी आणि हिरवे मंद चेंडू, छोटी रॅकेट, नारिंगी चेंडूच्या टप्प्यासाठी १८ मीटर लांबीचं कोर्ट आणि ८० सेंटिमीटरचं नेट अशी सोय त्यात आहे. नारिंगी चेंडू महाग नाहीत, आणि १८ मीटरचं कोर्ट आखायला खडू पुरतो.